यमुनाअक्काला दुखत नाही

यमुनाअक्का मला पहिल्यांदा दिसली तेव्हा तिच्या डाव्या मुठीत एका धडधाकट बाप्याची कॉलर होती आणि उजव्या हाताने ती त्याच्या तोंडात हाणत होती. वेलचेरी स्टेशनबाहेरून निघालेल्या शेअर ऑटोत आम्ही कोंबून बसलो होतो. त्या मेल्याचा हात माझ्या कमरेवर फिरायला लागला आणि मी "अगं आई गं!" म्हणून किंचाळले. समोर एक पांढऱ्या केसांची बाई बसली होती. अंगावर सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. तिने मला काही विचारलं नाही, त्याला काही विचारलं नाही. ऑटोवाल्याला थांबायला लावलं, त्या माणसाला बकोट धरून रस्त्यावर ओढला आणि सुरुवात केली. नाकातून रक्त आलं तरी थांबेना. शेवटी तो शर्टाची बटणं तिच्या हातात सोडून पळाला. मग तिने हात पदराला पुसले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मराठी की गे तू? 'आई गं' म्हटलीस म्हणून पुसतें."

मी सांगलीची. नवऱ्याच्या नोकरीपायी नुकती चेन्नईत आलेली, तमिळचं अक्षर येत नव्हतं. मारामारीच्या मधोमध उभी राहून कुणी आपल्याशी असं पोथीतल्यासारखं मराठी बोलेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. पुढच्या सोमवारी मी मुलींच्या शाळेत हिंदी शिकवायला रुजू झाले, तर मैदानात गळ्यात शिट्टी अडकवून हीच! शाळेची पीटी टीचर, कबड्डीची कोच, आणि सगळ्यांची अक्का. मी सवयीने "तुम्ही" म्हटलं तर डोक्यात टपली मारून म्हणाली, "अक्काला 'तुम्ही' म्हणतात काय गे? पो, पो, जा गे!" त्या दिवसापासून ती माझीही अक्का झाली.

उंची बेताची, पण खांदे गवंड्याचे. उजव्या कानाची पाळी चुरगळलेली, एका करंगळीचं टोक भलतीकडेच वळलेलं, पुढचे दात खोटे. ते खोटे दात ती भांडणाआधी काढून रुमालात बांधायची. हेडमिस्ट्रेसबाईंच्या केबिनमध्ये जाताना एकदा तिने दात काढले, तेव्हा बाईंनी आतून कडी लावून घेतली होती. पकड शिकवायची ती स्वतःला पकडायला लावून. सातजणी अंगावर पडल्या की खालून तिचा आवाज यायचा, "जेवलांत की नाही अस्की, सगळ्या? हात लावताय की हळद?" आणि मग त्या सातजणी इकडेतिकडे उधळायच्या. मुलींना ती मारायची. हो, मारायची, आता गोड गोड लिहून काय उपयोग? पाठीत धपाटा, मांडीवर छडी, कानाखाली आवाज. आणि कुणी "दुखतंय" म्हटलं की आणखी एक.

"दुखतें म्हणजे काय? दुखतें म्हणजे अंग काम करतें. मेलेल्याला दुखत नाही," हे तिचं एकच शास्त्र. सकाळी मांड्या भरून आल्या नाहीत तर आदला दिवस फुकट गेला असं ती मानायची. तिला स्वतःला कधी कुणी विचारलं, "अक्का, लागलं का?" की उत्तर ठरलेलं. "नाही."

हे कुठून आलं ते तिने मला एकदा डबा खाताना सांगितलं. वडील तंजावरच्या जुन्या मराठी वस्तीतून आलेले, जॉर्ज टाउनमध्ये मसाल्याच्या पेढीवर कारकून. माणूस देवभोळा, आणि पट्ट्याने मारणारा. पोरगी बंदराकडच्या पोरांबरोबर कबड्डी खेळते हे कळलं की पट्टा निघायचा. "रडलें असतें तर थांबला असता," अक्का म्हणाली, "पण म्हणाला असता, बघ, दुखतें ना, मग जाऊ नको. नाही रडलें तर काय म्हणणार? दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलें." असं म्हणून तिने दहीभात संपवला आणि डबा धुवायला गेली.

पण या शास्त्राचा मार दुसऱ्यांनीही खाल्ला, तेही सांगायला हवं. सेल्वी नावाची एक मुलगी होती. काय चढाई करायची! वीज नुसती. जिल्ह्याच्या सामन्यात तिचा घोटा मुरगळला. ती लंगडत बाहेर आली आणि "वलिक्कुदु, अक्का," म्हणाली. दुखतंय. अक्काने तिच्या थोबाडीत दिली. "रक्त कुठे आहे, दाखव!" पोरगी परत आत गेली, सामना जिंकून दिला, आणि मग उभी राहीना. हाड चिरलं होतं. तिचा खेळ तिथे संपला. दुसऱ्या दिवशी सेल्वीची आई, देवळाबाहेर फुलं विकणारी बाई, शाळेच्या फाटकात आली आणि सगळ्यांसमोर तिने अक्काला चपलेने मारलं. वॉचमन धावला, त्याला अक्कानेच हाताने थांबवलं. ओठ फुटला, चष्मा खाली पडला, ही आपली उभी. मला वाटलं, आता तरी ही बदलेल. डोंबल बदलतेय! आठवड्याभरात छडी पुन्हा सुरू. फरक एवढाच, की सेल्वीचं नाव कुणी काढलं की ती मैदानातून उठून जायची आणि मागच्या भिंतीवर मुठी मारायची.

आमच्या भागात पाणी भरलं त्या वर्षाची गोष्ट. वेलचेरीत पाणी भरणं नवीन नाही, पण त्या वर्षी तळमजले बुडाले. अक्काच्या इमारतीच्या सेक्रेटरीने गच्चीला कुलूप लावून ठेवलं होतं, का तर पलीकडच्या झोपड्यांतली माणसं वर येतील. अक्काने किल्ली मागितली. तो "मीटिंग घेऊ" म्हणाला. तिने दात काढून रुमालात बांधले आणि त्याला असा ढकलला की तो जिन्यावरून चार पायऱ्या खाली बसला. मग खांद्याने दार तोडलं. दार तुटलं आणि खांदाही निखळला. मी शेजारीच उभी होते, हाडाचा आवाज मला ऐकू आला. तिने खांबाला पाठ लावली, श्वास धरला आणि एका झटक्यात खांदा जागेवर बसवला. चेहरा राखेसारखा झाला होता.

"अक्का, दुखतंय ना गं?" मी रडकुंडीला येऊन विचारलं.

"नाही. दोर आण."

मग त्याच हाताने तिने म्हाताऱ्याकोताऱ्यांना वर ओढलं. आता तुम्ही सांगा, अशा बाईवर प्रेम करायचं की हिला चांगली बदडून काढायची? मी दोन्ही करायला तयार होते.

निवृत्तीनंतर तिच्या छातीत कळ आली. तीही तिने दोन दिवस अंगावर काढली. स्टेंट बसवला, गोळ्या आल्या: रक्त पातळ ठेवायची, रक्तदाबाची, आणि रोज जेवणानंतर कोलेस्टेरॉलची. अक्काने गोळ्या कधी चुकवल्या नाहीत, हे तिच्या बाजूने सांगते. हृदयाच्या डॉक्टरांनी माझ्यादेखत बजावलं होतं. "कोलेस्टेरॉलची गोळी चांगली आहे, मनाने बंद करू नका. पण क्वचित कुणाच्या स्नायूंना ती सोसत नाही. मांड्या, दंड कारण नसताना दुखायला लागले, अशक्तपणा वाटला, तर सांगा. लघवी चहासारखी काळपट झाली तर वाटच बघू नका, सरळ इथे या. आणि दुखतंय म्हणून दुकानातून गोळ्या आणून खाऊ नका, आधी विचारा." अक्काने मान डोलावली. शिट्टी झाल्यावर रेफ्रीकडे बघून डोलवायची, तशीच.

गेल्या उन्हाळ्यात चेन्नईजवळच्या कोवलमहून बोलावणं आलं. तिथल्या अम्मन देवीच्या उत्सवात वाळूवर बायकांची कबड्डी ठेवली होती. एका बाजूला मासळी विकणाऱ्या बायकांचा संघ, दुसऱ्या बाजूला जुन्या खेळाडू. अक्का साठी ओलांडलेली, छातीत स्टेंट, आणि तिने "खेळतें" म्हणून कळवूनही टाकलं. मी घसा फोडून भांडले. ती म्हणाली, "बसून मरूं काय?" आणि चेन्नईच्या मे महिन्यात, डांबर वितळतंय अशा उन्हात, तिने सराव सुरू केला. बैठका, धावणं, जिने. पाणी कमी प्यायची, पोट जड होतं म्हणून.

तिच्या मांड्या दुखायला लागल्या. आणि इथे तिने ती चूक केली, जी कबड्डीवालीच करू शकते. तुमच्याआमच्या मांड्या दुखल्या तर आपण घाबरतो. ही खूश झाली! "बघ गे, अंग जागें झालें," म्हणाली. जिना उतरताना कठडा धरायला लागली, कपाटातला डबा काढायला हात वर जाईना, तरी म्हणे सराव लागतोय. तपासणीच्या दिवशी मी बरोबर गेले. डॉक्टरांनी विचारलं, "अंग दुखतं का?" अक्का म्हणाली, "नाही." मी तोंड उघडलं, तर टेबलाखाली माझ्या पायावर तिने बूट असा दाबला की डोळ्यांत पाणी आलं. तरी मी बोललेच. "खोटं बोलतेय ती, डॉक्टर! कठडा धरून चालते." अक्का हसली आणि त्यांना तमिळमध्ये म्हणाली, ही फार घाबरट आहे, हिच्या गावाकडे सगळ्या अशाच. डॉक्टरांनी रक्ताची तपासणी लिहून दिली. बाहेर आल्यावर अक्काने तो कागद फाडला. मी तिला म्हटलं, "मर जा!" अगदी हेच शब्द म्हटले. तीही म्हणाली, "सेरी." बरं.

मग ते सेट सुरू झाले. आमच्याकडे स्टेशनाजवळच्या मेडिकलमध्ये जाऊन "अंगदुखीचा सेट द्या" म्हटलं की मालक पट्ट्यांतून सुट्या गोळ्या कापतो आणि कागदाच्या पुडीत घालून देतो. एक लाल, एक पांढरी, एक पिवळी. नाव नाही, गाव नाही. दमलेली माणसं कामावरून येतात, सेट घेतात, जातात. अक्का सकाळचा एक आणि संध्याकाळचा एक नेऊ लागली. मांड्या गप्प झाल्या. ती आणखी पळू लागली.

एके दिवशी मी तिच्याबरोबर होते, तेव्हा मालकाच्या जागी नवीन फार्मासिस्ट मुलगी होती. तिने पुडी बांधता बांधता विचारलं, "दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, अम्मा?"

"तुला काय करायचंय?" अक्का म्हणाली.

"तिला हृदयाच्या आहेत, कोलेस्टेरॉलची आहे," मी मधेच बोलले.

मुलीचा हात थांबला. "मग हा सेट मी देणार नाही. यातली ही सूज उतरवायची गोळी हृदयाच्या पेशंटला विचारल्याशिवाय देत नाहीत, मूत्रपिंडावर येतं, रक्तस्राव होऊ शकतो. साधी पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते, पण तीही मापात, डॉक्टरांना सांगून. आणि अम्मा, कोलेस्टेरॉलच्या गोळीवर असताना मांड्या दुखतात तर दुखणं दाबायचं कशाला? ते डॉक्टरला दाखवायचं."

"दुखतंय असं मी म्हटलें?" अक्का ओरडली आणि तिने काउंटरवर पंजा आपटला. काच फुटली. काचेचे तुकडे खोकल्याच्या बाटल्यांवर पडले, ती मुलगी किंचाळून मागच्या फळीवर आदळली. आतून मालक धावत आला. अक्काचा तळवा उभा फाटला होता आणि रक्त थांबायचं नाव घेईना. रक्त पातळ करायच्या गोळ्या, वर हे सेट, थांबेल कसं? मी ओढणी फाडून बांधली, ती भिजली, दुसरी पट्टी बांधली. आणि तो मालक, भीतीने म्हणा की गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून म्हणा, त्याने स्वतःच्या हाताने सेट कापून अक्काच्या चांगल्या हातात ठेवला. मी त्याला तिथल्या तिथे मराठीत ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत. एक अक्षर त्याला कळलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

कोवलमला मी गेले. गेले नसते तर तिला आणलं असतं कोणी? होड्या वर ओढून ठेवल्या होत्या, मधे वाळूत दोरीने मैदान आखलेलं, ढोल वाजत होते. मासळीवाल्या बायका म्हणजे काय सांगू! टोपल्या वाहून मानेचे खांब झालेले, साड्या कासोट्यासारख्या खोचलेल्या. त्यांनी अक्काला म्हातारी म्हणून दया दाखवली नाही आणि तिलाही ती नको होती. पहिल्या चढाईत तिने एकीच्या छातीवर लाथ दिली आणि परत आली. दुसऱ्यांदा गेली, तेव्हा पाचजणींनी तिला धरली. कोपरं, गुडघे, मुठी, तोंडात वाळू. अक्का त्यांना ओढत निघाली. लोक उभे राहून ओरडत होते, आणि खरं सांगते, मीही ओरडत होते. मग मधेच तिचे पाय संपले. पडली नाही हो, पाय संपले. खाली बसली ती उठेना. मासळीवाल्या बायकाच घाबरून तिला पाणी पाजायला लागल्या.

"उन्हाने झालें," ती म्हणाली. मी तिला धरून बायकांच्या आडोशाला नेलं. तिथे वाळूवर मला तिची लघवी दिसली. कोऱ्या चहाचा रंग. डॉक्टर म्हणाले होते तोच. मी तिच्यावर इतकी किंचाळले की ढोल थांबले. एका मासळीवालीच्या भावाची गाडी होती, गाडीच्या हौद्यात बर्फाच्या पेट्यांमधे आम्ही अक्काला आडवी केली आणि मोठ्या इस्पितळात आणली.

तिथेही तिने युद्ध मांडलं. सुई टोचणाऱ्या नर्सचा हात पिरगाळला, सलाइनचा स्टँड पाडला, वॉर्डबॉयच्या पोटात गुडघा घातला. तरुण डॉक्टर होता. त्याने रक्त बघितलं, पिशवीतले ते सेट बघितले आणि मला बाजूला घेऊन समजावलं, "स्नायू विरघळून रक्तात उतरतायत. एरवी कोलेस्टेरॉलच्या गोळीने असं फार क्वचित होतं. पण उन्हात एवढा व्यायाम, अंगात पाणी नाही, त्यात या पुड्यांनी मूत्रपिंडं दमवली. स्नायू कधीपासून ओरडत असणार, त्यांचं तोंड यांनी दाबून ठेवलं." मग तो तिच्याकडे गेला. उजवी मांडी सुजून दगड झाली होती. "अम्मा, ही मांडी आतून इतकी सुजली असेल की रक्तच अडतंय, तर मला आत्ता चिरून मोकळी करावी लागेल. नाहीतर पाय जाईल, जीवही जाईल. पण आधीच मूत्रपिंडं थकलीत, उगीच चिरायची नाही. कुठे, किती दुखतं, ते मला खरं सांगा." त्याने बोटांनी दाबलं. "वलिक्कुदा?"

"इल्ले," अक्का म्हणाली. नाही.

कपाळावर घामाचे थेंब, दातांत चादर. पाय हलवून बघितला. "आता?"

"इल्ले."

माझं डोकं फिरलं. मी तिचे दोन्ही खांदे धरले, आयुष्यात कुणाला केलं नाही तसं तिला गदगदा हलवलं आणि बोंबलले, "कुणाला दाखवतेस गं? तुझा बाप मेला! कधीच मेला! इथे कुणी तुझा खेळ बंद करायला बसलेलं नाही! बोल! दुखतंय की नाही, बोल!"

नर्स मला ओढायला लागली. अक्काने दातांतली चादर सोडली. तिची हनुवटी थरथरायला लागली, लहान पोरीची थरथरते तशी.

"दुखतें गे," ती म्हणाली. "फार दुखतें."

"दुखतंय म्हणतेय!" मी डॉक्टरला ओरडून सांगितलं. त्याने पुन्हा दाबलं, आणि अक्का ओरडली. आईच्यान, माणसाचा तसा आवाज मी ऐकलेला नाही. अख्खा वॉर्ड उठून बसला. एकदा सुरू झाली ती थांबेना. मुठींनी पलंग बडवत, मान इकडून तिकडे आपटत, आईला हाका मारत, तमिळमध्ये, मराठीत, सगळं पोटातलं बाहेर काढत ती ओरडत होती.

त्यांनी तिला तशीच ढकलत आत नेली. मांडी चिरली, पाय वाचला असता म्हणे. पण रक्तात विष चढलं होतं. संध्याकाळी त्यातच तिचं हृदय थांबलं. नंतर मला चेहरा बघायला बोलावलं, मी गेले नाही. मी तिला शेवटचं पाहिलं ते ऑपरेशनच्या दारापर्यंत. पलंगाचा दांडा धरून मी बरोबर पळत होते. वॉर्डबॉय तिला "गप्प, अम्मा, गप्प" म्हणत होता आणि मी त्याचा हात झिडकारून तिला सांगत होते, "ओरड, अक्का. अजून ओरड."